मुंबई टांकसाळीचा चांदीचा डॉलर: खिशातला काटा, भिंग आणि स्लॅब, काही महिने वापरून झाल्यावर

मुंबईच्या टांकसाळीत डॉलर पाडले जायचे, हे सांगितलं की मुरलेले संग्राहकही एकदा "काय?" म्हणतात. १८९५ ते १९३५ या काळात पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिशांनी काढलेला हा ट्रेड डॉलर. बहुतेक मुंबईत पाडले गेले, थोडे कलकत्त्यात आणि लंडनला. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया, मागे शिडाचं जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी आणि जावी (मलय भाषेच्या, अरबी वळणाच्या) लिपीत 'एक डॉलर'. मी सिंगापुरात राहतो, इथे एकेकाळी तो रोजच्या चलनात होता, त्यामुळे जुन्या बाजारात अजून सारखा समोर येतो. खोटेही तितकेच येतात. म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, दहापटीचं भिंग, व्यास मोजायला व्हर्नियर आणि एक जोरदार निओडिमियम चुंबक घेतलं.

सगळ्यात जास्त कामाला आला तो काटा. अस्सल नाणं २६.९६ ग्रॅम, व्यास ३९ मिमी, चांदी ९० टक्के. झिजलेलं थोडं कमी भरतं, ते चालतं. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, हल्ली नकली नाणी वजनाला बऱ्यापैकी बरोबर करतात. खरी परीक्षा पाण्यात. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडायचं. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. माझ्याकडच्या एका नाण्याचं वजन २६.९३, पाण्यात काट्याने दाखवलं २.६१. पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारी घनता १०.३२, म्हणजे ९० टक्के चांदीला हवा तोच आकडा. दुसरं एक, दिसायला याहून देखणं, २६.१० भरलं आणि पाण्यात २.९५. भागाकार ८.८५. चांदीचा प्रश्नच मिटला. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर मात्र भागाकार उगाच खाली येतो, म्हणून बुडवल्यावर दोरा हलकेच झटकायचा. आणि काटा अधूनमधून प्रमाण वजनाने तपासा, स्वस्त काटे सरकतात.

चुंबकाने निराशा केली. तिरक्या धरलेल्या चांदीवरून ते हळूहळू घसरतं, हे खरं. पण तांब्यावरूनही तसंच घसरतं. वर चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं ही चाचणी आरामात पास होतं. लोखंडी माल पकडायला ठीक, बाकी खेळणं.

भिंगाला वेळ द्यावा लागतो. मुंबई टांकसाळीची खूण असलेला 'बी' त्रिशुळाच्या मधल्या टोकावर असतो, अगदी इवलासा, खोदलेला. नकली नाण्यात तिथे नुसताच खळगा किंवा फुगवटा दिसतो. चिनी अक्षरांच्या रेघा आणि भोवतीची नक्षी ओतीव नाण्यात बोथट असते, कडेचे दाते एकसारखे नसतात. चॉप मार्क म्हणजे चिनी व्यापाऱ्यांनी पारखून ठोकलेल्या खुणा. आपल्याकडच्या जुन्या रुपयांवर सराफांचे ठसे असतात ना, त्याच जातीच्या. त्या असल्या की नाणं खरंच, हा समज मात्र सोडा. खोट्यावरही खुणा मारून देतात.

आता ग्रेडिंग, म्हणजे कंपनीकडून नाणं तपासून त्याच्या अवस्थेला १ ते ७० मधला आकडा घेणं; नाणं परत येतं ते सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, तीच स्लॅब. काही नाणी एका मध्यस्थामार्फत अमेरिकी कंपनीकडे पाठवली. मध्यस्थाने इतकं ताटकळत ठेवलं की मी विचारणंच सोडलं होतं. पण परत आलेल्या निकालावर माझी तक्रार नाही. एका नाण्याला आकडा मिळाला. दुसऱ्यावर आकड्याऐवजी 'डिटेल्स, क्लीन्ड' असा शेरा. कुणीतरी कधीतरी ते चिंच-राख लावून घासलं असणार. दिव्याखाली फिरवलं की एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात, आणि चांदीची मूळ चमक जशी गोल फिरत जाते तशी फिरत नाही. हा शेरा मला आकड्यापेक्षा जास्त उपयोगी वाटला. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मुळात अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी बनवली. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये, या दोन अमेरिकी ग्रेडिंग कंपन्या आल्या तेव्हापासून ती सगळीकडे चालते. ५८ की ६२ हे शेवटी माणसाचं मत. घासलेलं की न घासलेलं, यात मतभेदाला जागा कमी.

साध्या वर्षांच्या नाण्यांवर ग्रेडिंगचा खर्च करणं मला पटत नाही. फी आणि टपाल नाण्याच्या किमतीचा मोठा लचका तोडतात. १९३५ चं प्रकरण वेगळं. त्या वर्षाचे बहुतेक डॉलर वितळवले गेले, १९३७ मध्ये हे चलनच बाद झालं, त्यामुळे कुणी ते उघडं विकायला आणलं तर मी हात लावणार नाही, स्लॅबमधलंच घेईन. तेही नुसता स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर सापडला म्हणून नाही. खऱ्या स्लॅबचा नंबर उचलून खोटी डबी बनवतात, म्हणून वेबसाइटवर फोटो असेल तर त्यातला एखादा ओरखडा किंवा डाग हातातल्या नाण्याशी जुळवून पाहायचा.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, ते असंच पाकिटात घालून परदेशी ग्रेडिंगला पाठवता येत नाही. घरात आजोबांच्या पेटीत १८९९ चा डॉलर निघाला, तर सुरुवात काटा, ग्लास आणि दोऱ्यापासूनच करा, आणि त्याला चिंच लावू नका.