काळी घोंगडी, अठ्ठावीसशे रुपये : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

सोलापुरात आलेला पाहुणा चादर आणि टॉवेल घेतल्याशिवाय परतत नाही. पण त्याच कापड पेठेत हातमागावर विणलेली लोकरीची घोंगडीही मिळते, हे शहरातल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. मी अशी एक घोंगडी घेतली, त्याला आता दोन पावसाळे आणि त्यांच्या मधला एक हिवाळा उलटून गेला आहे. सांगोला तालुक्यात आमचे थोडे जिराईत रान आहे आणि दर उन्हाळ्यात तिथे खतासाठी मेंढरे बसवतो, त्यामुळे घोंगडी शोभेला न ठेवता रानात, ओट्यावर आणि अंथरुणात अशी तिन्ही ठिकाणी वापरून झाली.

घोंगडी नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि सव्वादोन किलो वजनाची आहे. काळा रंग मेंढीचाच, वरून दिलेला नाही. दोन्ही बाजूंना बोटभर पांढरा काठ आहे. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असल्यामुळे नवी घोंगडी अंगावर घेतली तर अंगाशी बसत नाही, तंबूसारखी उभी राहते, आणि दमट हवेत खळीचा व मेंढराचा मिळून एक वास येतो. तो ज्यांना सोसणार नाही त्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल. चार दिवस कडक उन्हात टाकून काठीने झोडपल्यावर वास बराच कमी झाला आणि महिनाभराच्या वापरात ती मऊ पडली. टोचणे मात्र गेले नाही. उघड्या अंगावर ती टोचतेच, म्हणून आत धोतराचे किंवा जुन्या लुगड्याचे अस्तर असावे.

रिमझिम पावसात तासभर डोक्यावर घेतली तर पाणी आत येत नाही, थेंब लोकरीच्या केसांवर मण्यांसारखे बसतात आणि झटकले की पडतात. मोठ्या सरीत मात्र ती भिजते आणि भिजली की उचलवत नाही. गेल्या आषाढात ती वाळायला दोन दिवस लागले. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याने ते बहुधा स्वतः वाळत घातले असावे. डिसेंबरच्या थंडीत रानात रात्र काढताना या घोंगडीखाली दुसरे पांघरूण लागले नाही, यापेक्षा अधिक प्रशस्ती मला सुचत नाही.

आता तक्रार. दुकानदाराने घोंगडी संपूर्ण जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीची, असल्याचे सांगितले होते. घरी आल्यावर मी काळा आणि पांढरा असे दोन धागे उपसून काडीने पेटवले. काळा धागा केस जळल्याचा वास सोडत विझला आणि त्याची राख बोटात चुरली. पांढरा वितळून त्याची टणक गोळी झाली, म्हणजे काठ ॲक्रिलिकचा होता. काळा धागाही नीट पाहिला तर त्यात मोठ्या मेंढीचे लांब, राठ केस होते. परत गेल्यावर दुकानदाराने हुज्जत न घालता दीडशे रुपये परत केले आणि वर म्हणाला, “साहेब, काठाला पांढरी लोकर आणायची कुठून? हल्ली सगळेच असं करतात.” काठ ॲक्रिलिकचा असला तरी पांघरुणाचे काम अडत नाही, पण ते आधी सांगायला हवे होते. पाठदुखीपासून रक्तदाबापर्यंत सर्व व्याधी घोंगडीने बऱ्या होतात, असे सांगणारे जे पत्रक पिशवीत घालून दिले, त्याबद्दल काही न लिहिणेच बरे.

अठ्ठावीसशे रुपये कुठे जातात, हा प्रश्न त्यानंतर डोक्यातून जाईना. दुकानदाराला माल देणारा विणकर मंगळवेढा तालुक्यात राहतो. त्याच्याकडे आणि आमच्या रानात बसणाऱ्या मेंढपाळाकडे चौकशी केली. धूळ, कुसळे आणि तूट जाता अशा एका घोंगडीला तीन किलो कच्ची लोकर लागते. दख्खनी मेंढी वर्षातल्या दोन कातरण्या मिळून जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, म्हणजे माझ्या अंगावर पाच मेंढ्यांचे वर्ष आहे. साध्या लोकरीला मेंढपाळाला किलोमागे पंधरा रुपये मिळाले. तीन किलोचे पंचेचाळीस. कातरणाऱ्याची मजुरी एका मेंढीला एका वेळी पंचवीस रुपये, म्हणजे पाच मेंढ्यांचे वर्षाचे अडीचशे. लोकर विकून कातरणीसुद्धा सुटत नाही. अंगावर लोकर वाढली की जनावराला गोचीड आणि उकाड्याचा त्रास होतो, म्हणून ती काढायची. आमचा मेंढपाळ गेल्या वर्षी ती बांधावरच टाकून गेला. किमतीचा मोठा वाटा पिंजणे, सूत काढणे, खळ देणे आणि विणणे यांत जातो, आणि त्या कामाचे दिवस मोजले तर विणकराचीही मजुरी फारशी पडत नाही. शेजारच्याच दुकानात पानिपतच्या गिरणीचे ब्लँकेट सहाशे रुपयांना मिळत असताना तो दर वाढवणार तरी कसा?

मेंढपाळाचे गणित आता मुख्यतः मटणावर आणि थोडेफार लेंडीखतावर चालते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील मेंढ्या २०१२ च्या तुलनेत सुमारे १४ टक्क्यांनी वाढून ७.४३ कोटींवर गेल्या. लोकरीचे उत्पादन मात्र २०१८-१९ मधील ४.०४ कोटी किलोवरून २०२२-२३ मध्ये ३.३६ कोटी किलोवर उतरले. आमच्या माळावरही तेच दिसते. काळ्या दख्खनी मेंढीच्या खांडात, म्हणजे कळपात, सांगली जिल्ह्यातल्या जत भागातला उंच, रोमन नाकाचा आणि अंगावर नावापुरते केस असलेला माडग्याळी नर सोडला जातो, कारण त्याची कोकरे लवकर वजन धरतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली, तीही अधिक कोकरांसाठीच. वीस मेंढ्या आणि एक नर यांसाठी ७५ टक्के अनुदान देणाऱ्या राज्य सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून कोणी खांड उभे केले, तरी ते विकताना लोकरीचा भाव कोणी विचारत नाही. त्यात चराईचे रान आखडत चालले आहे : उजनी धरणाचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला, आणि सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ १९७९ पासून माळढोक पक्ष्यासाठी राखीव आहे. कमी चाऱ्यात मेंढपाळाने लोकरीपेक्षा वजन निवडले, तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

घोंगडीला गिऱ्हाईक अजून आहे. दिवाळीच्या अमावास्येला मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेत खांद्यावर घोंगडी टाकलेली माणसे पाहिली की हे कळते. प्रश्न पुढे लोकर कोणत्या मेंढीच्या अंगावर वाढणार, हा आहे. दुकानदाराने जावळ, साधी लोकर आणि मिश्र धागा असे तीन प्रकार स्पष्ट वेगळे लावले, तर जावळासाठी जास्त मोजणारे गिऱ्हाईक मिळेल आणि काळी मेंढी राखणाऱ्यालाही त्यातले काही पोचेल. आज सगळा माल एकाच नावाने खपतो.

घोंगडी घ्यावी, असेच माझे मत आहे. घेताना काठ आणि मधला भाग यांचे धागे दुकानातच पेटवून पाहावेत, आणि वॉशिंग मशीनमध्ये धुण्याचा विचार असेल तर पैसे वाचवावेत, कारण लोकर आटून तिचा नमदा, म्हणजे घट्ट जाड थर, होईल. थोरल्या भावासाठी मी दुसरी, अस्सल पांढऱ्या काठाची, विणकराकडेच थेट सांगितली आहे. दिवाळीनंतरच्या कातरणीत पांढरी लोकर मिळाली तर संक्रांतीपर्यंत देतो, असे तो म्हणाला. आगाऊ पाचशे रुपये पुढे केले, ते मात्र त्याने घेतले नाहीत.