यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन : ओव्हरहॉलनंतरचे आठ महिने

आधी त्या 'ठक'बद्दल सांगतो, कारण या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचं खरं दुखणं तिथेच आहे. फिल्म पुढे नेणारी लिव्हर ओढली की धडधाकट इलेक्ट्रोच्या पोटातून एक जाडसर 'ठक' ऐकू येतो. काकांनी कुवेतहून आणलेला आमचा कॅमेरा कपाटातून काढला, तेव्हा लिव्हर मुकाट फिरली. मला वाटलं, वा, किती मऊ चालतोय! तोच आजार होता. आत रबराची एक चिमुकली गादी असते, ती इतक्या वर्षांत भुगा होऊन गळून पडते आणि एक्सपोजरचं, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडायचा याचं, सगळं गणित कोलमडतं. जगभरचे इलेक्ट्रोवाले तिला 'पॅड ऑफ डेथ' म्हणतात.

हे कळायला मला एक रोल आणि बाराशे रुपये लागले. पहिल्या दुकानाने लेन्स पुसून 'एकदम ओके' म्हणून कॅमेरा परत दिला. गेल्या वर्षीच्या गणपतीतले निम्मे फोटो गेले, निगेटिव्ह काळ्याकुट्ट. मग घरूनच काम करणारे एक जुने कारागीर सापडले. त्यांनी लिव्हर एकदाच ओढली, कान लावला आणि म्हणाले, "गादी गेलीय." तीन आठवडे, साडेतीन हजार. गादी, शटरची पाती, बॅटरीच्या घरातली हिरवी पडलेली तार, सगळं झालं. वर म्हणाले, "सील तुम्हीच बदला, त्याचे पैसे मला कशाला देता?"

सील म्हणजे मागच्या झाकणाच्या फटीतून प्रकाश आत येऊ न देणारा फोम. म्हणून ते काम मी केलं. मागचं झाकण उघडल्यावर खाचांमधला जुना फोम डांबरासारखा झालेला. बोटाला लागला तर दोन दिवस निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथपिक आणि कापसाच्या काड्या घेऊन बसलो, नुसतं खरवडण्यातच दीड तास गेला. शटरकडे कण उडू नयेत म्हणून तो भाग कागदाने झाकून घ्यायचा. लांब खाचांत मी काळी लोकर बसवली, बिजागरीजवळ चिकट पाठीचा फोम. फोमची चिकट बाजू थुंकीने ओली केली की तो लगेच चिकटत नाही, सरकवून नीट बसवता येतो. किळसवाणं आहे, पण दुसरं काही इतकं जमत नाही. तरी पुढच्या रोलवर एका कडेला नारिंगी पट्टा आलाच. बिजागरीकडचा तुकडा आखूड कापला गेला होता. तो बदलल्यावर प्रकाश शिरणं थांबलं.

बॅटरीचा बाऊ करू नका. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ अडॅप्टरमध्ये घालून बिनधास्त चालते. मात्र ती संपली की शटर फक्त १/५०० सेकंदावर उडतं. पिशवीत बटण दाबलं जाऊन ती उतरू नये म्हणून बटणाचं लॉक लावायची सवय करा.

वापरायला कॅमेरा सोपा आहे, जरा जास्तच सोपा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवतो, पण कुठला ठरवला ते सांगत नाही. पिवळा बाण पेटला म्हणजे वेग १/३० सेकंदापेक्षा हळू, लाल म्हणजे प्रकाश जास्त. मधलं सगळं गुलदस्त्यात. मला याची चीड येते. शिवाय प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा डोळा लेन्समध्ये नसून बाहेर आहे, त्यामुळे फिल्टरचा त्याला पत्ताच नसतो. कृष्णधवल रोलला पिवळा फिल्टर लावताना मी एएसए (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) ४०० चा २०० करतो. पण ४५ मिमी, एफ/१.७ ची ती लेन्स! ओसरीतल्या मावळत्या उजेडात आजीचा चेहरा तिने जसा धरला, त्यासाठी बाकीचं सगळं माफ.

पावसाळा ही खरी परीक्षा. चामड्याची मूळ केस मी काढूनच टाकली. ती ओल धरते आणि लेन्सवर बुरशी येते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की एका जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करतो. तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही. ऑगस्ट उजाडला, लेन्स अजून स्वच्छ आहे. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून चार-पाचदा शटर उडवतो.

विकत घेणार असाल तर लिव्हर ओढून 'ठक' ऐका, बॅटरीचं घर उघडून बघा आणि लेन्समधून टॉर्च मारा. विकणारा 'बॅटरी नाही, पण चालू आहे' म्हणत असेल तर स्वतःची बॅटरी खिशात घेऊन जा. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून दर वेळी दीड हजाराच्या घरात जातात, तेही धरून चाला.

एक काम राहिलंय. रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर जुळवून फोकस करायच्या खिडकीतला, मधला ठिपका फिकट झालाय. त्यासाठी वरचं झाकण काढायचं, हॉट शूची (वर फ्लॅश बसवायच्या खाचेची) बारीक तार सांभाळायची आणि मुलामा निघू न देता आतला आरसा पुसायचा. एवढा माझा हात स्थिर नाही, आणि कारागीर म्हणतात दिवाळीनंतर या. तोवर संध्याकाळी अंगणात फोटो काढायचा तर अंतर पावलांनी मोजतो.