जिन इन्फ्युजन किट: बरणी ठेवा, पुड्या बाजूला काढा

ऑनलाइन मिळणारं 'जिन इन्फ्युजन किट', म्हणजे जिनमध्ये मसाला किंवा पाला भिजवून तिला वास लावायचा संच, हल्ली बेळगावातल्या बऱ्याच घरी येऊन पडलेलं असतं, बहुतेक वेळा भेट म्हणून. आम्ही पाहिलेल्या किटात अर्ध्या लिटरची काचेची बरणी, तिच्यात बसणारी स्टीलची जाळी, सुक्या मालाच्या तीन पुड्या आणि एक कार्ड होतं. एका पुडीत जुनिपर (जिनला तिचा ठरलेला वास देणारं सुकं फळ), दालचिनी, वेलदोडा. दुसरीत संत्र्याची साल आणि गुलाबपाकळ्या. तिसरीत 'इटालियन हर्ब्स'. कार्डावर तिन्हींसाठी एकच सूचना: पुडी टाका, जिन किंवा व्होडका ओता, ४८ तास थांबा.

घोटाळा त्या ४८ तासांतच आहे. दालचिनीला इतका वेळ दिला की तुरटपणा उतरतो आणि जीभ कोरडी पडते; ५ ते ६ तासांत तिचं काम संपलेलं असतं. संत्र्याची सुकी साल १२ तास सहन करते, पण आतला पांढरा भाग तसाच ठेवलेला असेल तर पुढे नुसता कडवटपणा. जुनिपरची पुडी व्होडकासाठी ठीक आहे. जिनचा मूळ वासच जुनिपरचा, त्यात आणखी जुनिपर कशाला? तिसऱ्या पुडीबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, ती पिझ्झ्यावर भुरभुरा. पाला सुकला की त्याचा वरचा, हलका सुगंध आधी उडून जातो. जिनला हवा असतो तो नेमका तोच.

बरणी आणि जाळी मात्र वापरण्यासारखी आहे. झाकणाच्या रबराला वास असेल तर गरम पाण्यात सोडा घालून तासभर ठेवा, नाहीतर तो थेट जिनमध्ये येतो.

आता पाला. गणपत गल्लीत सकाळी लवकर गेलात तर किटाच्या पैशात महिनाभराचा माल येईल. पहिली पसंती तुळशीला द्यावीशी वाटते, पण वृंदावनातली पानं दारूत घालायला घरात कोणी हात लावू देणार नाही, आणि चवीच्या दृष्टीनंही ते बरंच आहे. तुळशीत युजेनॉल भरपूर, म्हणजे लवंगेचा वास; जिनमध्ये तो पुढे येऊन बाकी सगळं झाकतो. हारवाल्यांकडची तुळस तर नकोच, दिवसभर पाणी मारून ती मऊ पडलेली असते. त्याऐवजी सब्जा लावा. फालुद्यात घालतात तेच बी. रविवार पेठेत मिळेल. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर 'कामकस्तूरी' म्हणा. कुंडीत आठवडाभरात उगवतो, दीड-दोन महिन्यांत पानं खुडण्याजोगी होतात. तुरे दिसले की लगेच मोडा, फुलावर आलेल्या झाडाची पानं कडवट लागतात. पावसाळ्यात ऊन कमी, त्यामुळे वासही फिका. तेव्हा पानं थोडी जास्त घ्या.

प्रमाण असं: २५० मिली जिनला सब्जाची १५ ते १८ मोठी पानं. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा. चिरू नका, तळहातावर एकदा हलकी थापटा. चिरलं की हिरवा रस आणि कडवटपणा दोन्ही लवकर उतरतात. पानं जिनमध्ये पूर्ण बुडलेली हवीत, वर तरंगणारी आधी काळी पडतात. एका तासाने चमचाभर चाखा, मग दर अर्ध्या तासाने. साधारण दोन तासांत रंग फिकट पोपटी होतो आणि बडीशेपेसारखा गोडसर वास येतो. तिथेच गाळा. रात्रभर ठेवलं तर सकाळी रंग तपकिरी आणि चव उकडलेल्या पालेभाजीची. ते दुरुस्त होत नाही, साखर घालूनही नाही.

गवती चहाचं गणित वेगळं. पात चिवट, म्हणून २५० मिलीला दोन लांब पाती, दोन-दोन इंचांचे तुकडे, १२ ते १८ तास. कन्नडमध्ये 'मज्जिगे हुल्लु' म्हटलं की पटकन देतात. पुदिना बरणीत घालूच नका, तो काळा पडतो. ताजा ग्लासात घाला. ओव्याचं पान, म्हणजे 'दोड्डपत्रे', फार जोरकस: एक पान, अर्धा तास, नाहीतर खोकल्याचं औषध. संकेश्वरी मिरची अर्धी, बिया काढून, २० मिनिटं. तिखटाचं कॅप्सेसिन मद्यात फार लवकर विरघळतं, त्यामुळे घड्याळ लावूनच बसा. खानापूरच्या रानातून ओळख नसलेला पाला वास चांगला येतो म्हणून आणू नये, हे सांगायला नको.

जिन कोणती? साधी, जुनिपर ठळक असलेली लंडन ड्राय, म्हणजे गोड न केलेली जिन. भारतीयांत 'ग्रेटर दॅन' या कामाला बरी, आणि तिच्यात गवती चहा आधीच असल्यामुळे वर आणखी पात घातली तरी चव भांडत नाही. 'हपुसा' हिमालयातल्या जुनिपरची आणि 'स्ट्रेंजर अँड सन्स' लिंबूवर्गीय सालींची. या दोन्ही नुसत्या बर्फावर प्या, बरणीत घालणं म्हणजे पैसे वाया. भारतीय जिनच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के मद्य लिहिलेलं असतं. पानाचा वास ओढायला आणि पाला न सडायला ते पुरेसं आहे, पण पानं ओली असतील तर तेवढं पाणी आत जातं आणि बळ कमी होतं.

चोर्ला घाटातून गोव्याची बाटली आणायचा मोह होतो. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं लेबलवरच असतं, आणि परवान्याशिवाय ती कर्नाटकात आणणं गुन्हा आहे. चार पैसे वाचवायला तपासणी नाक्यावर तासभर उभं राहण्यापेक्षा इथल्या एमएसआयएलच्या (कर्नाटक सरकारच्या कंपनीच्या) दुकानातून छापील किमतीत घेतलेली बरी.

एक सल्ला फिरत असतो: बरणी गरम पाण्यात किंवा गॅसजवळ ठेवा, लवकर उतरतं. करू नका. ४० टक्के मद्याची वाफ साधारण २६ अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे उन्हाळ्यात स्वयंपाकघरात आधीच ती वेळ आलेली असते. शिवाय उष्णतेनं पानाचा वास शिजतो.

पेय बनवताना किटाच्या कार्डावर फक्त 'आवडीप्रमाणे मिसळा' एवढंच आहे. आमचं माप घ्या. सब्जाची जिन ४५ मिली, लिंबाचा ताजा रस २० मिली, मधाचं पाणी २० मिली. जांबोटीकडचा मध असेल तर उत्तम. दोन भाग मधात एक भाग कोमट पाणी ढवळून हे पाणी आधी करून ठेवायचं. मध थेट थंड जिनमध्ये घातला की तळाला गोळा होऊन बसतो आणि पहिला घोट आंबट, शेवटचा काकवी. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतं. लिंबू कागदी घ्या, इंडीकडचं आलेलं असेल तर एकाच लिंबात एवढा रस निघतो. रस आयत्या वेळी काढा. माप नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण चालतं.

शेकर नको, घट्ट झाकणाची बरणी पुरे. सहा-सात बर्फाचे खडे, १२ सेकंद जोरात हलवा, बरणी हातात धरवत नाही इतकी गार झाली की थांबा. पुढे हलवत राहिलात तर पाणचट. चहाच्या गाळणीतून थंड ग्लासात ओता, वर सब्जाचं एक पान. बर्फ झाकणबंद डब्यातला हवा. फ्रिजमध्ये उघडा ठेवलेला बर्फ लसणाची चटणी आणि सुक्या मासळीचा वास धरतो, आणि मग दोष जिनला मिळतो.

गवती चहाची जिन हलवावीही लागत नाही: ५० मिली जिन, १५० मिली टॉनिक वॉटर (क्विनीनमुळे कडसर लागणारं, गोड सोडापाणी), भरपूर बर्फ, लिंबाची फक्त हिरवी साल पिळून. मिसळल्यावर किंचित गढूळ दिसलं तर बिघडलं असं समजू नका. मद्याचं प्रमाण उतरलं की पातीतलं तेल बाहेर पडतं. आमसूल घालायचं असेल तर आधी धुवा, त्याला मीठ असतं. आगळात तर आणखी जास्त.

टॉनिक मागितल्यावर काही दुकानांत सोडा हातात देतात. लेबलवर क्विनीन वाचून घ्या, सोड्यात ते नसतं आणि पेय फिकं लागतं. मोठी बाटली स्वस्त पडते, पण उघडल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यात फक्त साखरेचं कडू पाणी उरतं. दोघांसाठी छोटे कॅन घ्या.