मरून रेशमी टाय, सहा महिने वापरून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू टायचा आहे, दुकानाचा नाही, म्हणून दुकानाचं नाव देत नाहीये. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर शर्ट-टायची जुनी दुकानं ओळीने आहेत, त्यातल्याच एकात गेल्या ऑक्टोबरमध्ये घेतला. मरून, प्लेन, शंभर टक्के रेशीम, आत लोकरीचं अस्तर, रुंदी साडेआठ सेंटिमीटर, किंमत ९५ पौंड, म्हणजे आपले दहा हजारांच्या वर. गळ्यात बांधायच्या एका पट्टीला एवढे पैसे कोण देतं असं बायको म्हणाली आणि तिचं काही चूक नाही, म्हणून लगेच लिहिलं नाही, सहा महिने वापरला आणि मग लिहितोय.

मी पुण्यात वकिली करतो. कोर्टात रोज गळ्यात पांढरे बँड असतात, जिल्हा कोर्टात आणि हायकोर्टात तेच लागतात, काळा टाय चालतो तो खालच्या कोर्टांमध्ये. टाय मला लागतो शनिवारी लॉ कॉलेजवर शिकवायला जातो तेव्हा, लग्नकार्यात, आणि १४ एप्रिलला. त्यासाठी आधी एक ऑनलाइन मागवला होता, ४९९ रुपयांचा, फोटोत एकदम भारी दिसत होता, पट्ट्यापट्ट्यांचा. तिसऱ्यांदा घातला तेव्हा खालचं टोक आपोआप फिरायला लागलं, ओल्या पंच्याला पीळ द्यावा तसं, मी वर्गात शिकवतोय आणि एका हाताने टाय सरळ करतोय, दहा मिनिटांनी परत तेच. इस्त्री करून पाहिली, उपयोग शून्य.

असं का होतं ते मला जर्मिन स्ट्रीटवर कळलं. काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी टाय उचलला, बारीक टोक चिमटीत धरलं आणि नुसता लोंबकळत ठेवला. अजिबात फिरला नाही, सरळ ओळंब्यासारखा उभा. मग तिथलाच एक स्वस्तातला दाखवला, तो हळूच अर्धा गिरका घेऊन थांबला. म्हणाले फरक कापड कापण्यात आहे. टायचं कापड ४५ अंशात तिरकं कापावं लागतं, तसं कापलं की ते थोडं ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या टाय बनवणाऱ्याने १९२४ मध्ये ही पद्धत पेटंट केली, तिरकं कापायचं आणि तीन तुकडे जोडून टाय करायचा. आज आपण ज्याला टाय म्हणतो तो तिथून पुढचा. तिरकं कापलं की कापड वाया जातं, म्हणून स्वस्तातल्या टायमध्ये तिथेच काटछाट होते आणि मग आपण वर्गात टाय सरळ करत बसतो.

मग टाय उलटा करून मागची शिवण दाखवली. मागे आत एक सैल दोरा सोडलेला असतो, टोकाला त्याचा छोटासा लूप दिसतो. मला आधी वाटलं शिवायचं राहिलंय, कापून टाकणार होतो, बरं झालं विचारलं! पूर्ण टाय त्या एका लांब दोऱ्यावर हाताने शिवलेला असतो आणि दोरा मुद्दाम सैल ठेवतात म्हणजे गाठ मारताना, ओढताना कापड त्याच्यावर मागेपुढे सरकतं आणि शिवण उसवत नाही. हा लूप कधीही कापू नका.

आता गाठीचं सांगतो, कारण मला खरं लिहायचंय ते त्याबद्दलच. आपल्याकडे टाय बांधायला शिकवतात तेव्हा सगळे विंडसर नॉट शिकवतात, दोन्ही बाजूंनी फिरवून घ्यायची ती जाड तिकोनी गाठ, कॉलेजच्या इंटरव्ह्यूपासून माझीही तीच. नाव पडलंय ड्यूक ऑफ विंडसरवरून, म्हणजे इंग्लंडचा आठवा एडवर्ड, ज्याने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली. त्या काळात त्याने काय घातलं यावर अर्ध्या जगाचं लक्ष असायचं, आणि त्याच्या टायची गाठ जाडजूड, भरदार दिसायची. अमेरिकेतल्या लोकांनी फोटो बघून तशी गाठ आणायला टाय दोन्हीकडून गुंडाळायला सुरुवात केली आणि तिला त्याचंच नाव दिलं. पण तो स्वतः ती गाठ बांधतच नव्हता! १९६० मध्ये त्याने स्वतःच लिहिलंय की याच्याशी आपला काही संबंध नाही, आपल्याला मोठी गाठ आवडायची हे खरं पण त्यासाठी आपण रुंद टाय आत जास्तीचं अस्तर घालून बनवून घ्यायचो. म्हणजे गुंडाळायचा साधाच, एका बाजूने, आणि जाडी यायची ती आतल्या कापडातून.

हे वाचल्यापासून मला टायकडे बघायची नजरच बदलली. आपण पातळ पॉलिस्टर घेतो, आत कागदासारखं काहीतरी चिकटवलेलं असतं आणि मग गाठ भरावी म्हणून वेढ्यावर वेढे देतो, तरी ती चपटीच राहते. या मरून टायला मी पहिल्या दिवशी सवयीने विंडसर घातला तर लिंबाएवढी गाठ झाली, कॉलरची दोन्ही टोकं उचलली गेली, आरशात बघवेना. मग साधी फोर-इन-हँड बांधली, एक वेढा, मागून वर, पुढून खाली, संपलं. गाठ थोडी तिरकी येते आणि ती तशीच चांगली दिसते, जास्त सरळ करायला जाऊ नका. आणि घट्ट करताना मधे बोट दाबलं की गाठीच्या खाली बरोबर मधोमध एक खळी पडते. पॉलिस्टरला ती पडतच नाही, पडली तरी पाच मिनिटांत पुसली जाते. या टायची सकाळी नऊला पाडलेली खळी संध्याकाळी सहापर्यंत जशीच्या तशी असते, मी चेक केलंय, एकदा नाही बऱ्याचदा. रेशमाखाली लोकरीचं अस्तर असेल तरच हे होतं. फेटा बांधणारे असतात त्यांना विचारा, ते पण हेच सांगतील, आधी कापड बघतील, हाताला कसं लागतं, किती धरून ठेवतं, आणि मग ठरवतील पिळा कसा द्यायचा.

दुकानातून बाहेर आलं की त्याच रस्त्यावर, पिकॅडिली आर्केडच्या तोंडाशी बो ब्रमेलचा पुतळा आहे, २००२ मध्ये बसवलेला. हा जन्मला १७७८ मध्ये, सरदार-दरकदारांच्या घरातला नाही, पण पुढे राजा झालेल्या चौथ्या जॉर्जचा दोस्त, आणि लंडनचे बडे लोक कपड्यांसाठी याच्याकडे बघायचे. त्याच्या आधी नटायचं म्हणजे जरी, मखमल, पावडर लावलेले केसांचे टोप. याने गडद कोट, स्वच्छ पांढरा शर्ट आणि गळ्याला पांढरीशुभ्र लिननची पट्टी, बस. त्याची मेहनत होती ती त्या पट्टीत, ज्याला क्रॅव्हॅट म्हणतात. लिननला हलकी खळ द्यायची म्हणजे घड्या बसल्या पाहिजेत पण पुठ्ठा व्हायला नको, गळ्याभोवती बांधायची आणि मग हनुवटी हळूहळू खाली आणत घड्या पाडायच्या. नीट नाही बसली की ती काढून फेकायची आणि दुसरी घ्यायची. त्याच्या नोकराच्या हातात अशा चुरगळलेल्या पट्ट्यांचा ढीग असायचा असा किस्सा आजही सांगतात. शेवट मात्र वाईट झाला बिचाऱ्याचा, कर्जापायी १८१६ मध्ये फ्रान्सला पळाला आणि १८४० मध्ये काँ गावातल्या वेड्यांच्या इस्पितळात वारला. पुतळ्यासमोर उभं राहून मला आमच्या आजीची आठवण झाली, ती कॉटनच्या साडीला भाताच्या पेजेची खळ द्यायची आणि किती द्यायची हे तिला बोटांनी कळायचं, जास्त झाली की साडी कडकड वाजायची आणि ती परत धुवायला टाकायची.

(क्रॅव्हॅट शब्द क्रोएशियावरून आलाय. सतराव्या शतकात फ्रान्सकडून लढणारे क्रोएशियन सैनिक गळ्याला रुमाल बांधायचे, ते पॅरिसला आवडलं, चौदाव्या लुईच्या दरबारात गेलं आणि तिथून सगळीकडे.)

चर्चिलचं पण सांगायला पाहिजे, कारण दुकानात पहिल्यांदा मला तेच दाखवलं. गडद निळ्यावर पांढरे ठिपके, बो टाय, चर्चिल तोच घालायचा आणि त्याचे बो टाय याच रस्त्यावरच्या टर्नबुल अँड ॲसरकडचे. हे दुकान १८८५ पासूनचं आहे. तो पॅटर्न आता चर्चिलच्या नावानेच ओळखतात. दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू, सुटसुटीत, लांबूनही उठून दिसतो. पण मी हातात घेतला आणि परत ठेवला. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली तेव्हा पंतप्रधान तोच होता, त्याची ओळख असलेले ठिपके मी गळ्यात बांधणार नाही. ज्याला चालतं त्याने जरूर घ्यावा, फक्त तयार गाठीचा, मागे हूक असलेला घेऊ नका, तयार फेटा डोक्यावर ठेवल्यासारखं दिसतं ते.

मला मरूनच पाहिजे होता. का ते आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागू नये. गावोगावच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला निळा कोट आणि लाल टाय रंगवलेला असतो, लहानपणापासून टाय म्हटलं की डोळ्यासमोर तोच येतो, ड्यूक वगैरे सगळे नंतर. दुसऱ्या दिवशी प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहायचे, घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. बाहेर पाटी आहे. तेव्हा ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला प्रबंध करत होते आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, पैशांची सारखी ओढाताण, दिवस दिवस लायब्ररीत. नंतर गोलमेज परिषदेचे फोटो बघा, एकीकडे गांधीजी पंच्यात, दुसरीकडे बाबासाहेब सूट-टायमध्ये, कडक कॉलर, गाठ बारीक आणि नीट. दोघांनीही विचार करूनच ते कपडे घातलेत. ज्या समाजाला चांगलं कापड अंगावर घालायची चोरी होती, त्या समाजाचा माणूस राजाच्या मंत्र्यांसमोर बसताना गळ्याची गाठ एवढी नीट बांधून बसतो, याचं मोल ९५ पौंडांत होत नाही. पुरुषांच्या टायचा इतिहास सांगताना लोक ड्यूक आणि ब्रमेलवर थांबतात, माझ्या मते त्या यादीत बाबासाहेब त्यांच्या वर पाहिजेत. ब्रमेलमुळे काही हजार श्रीमंतांनी पट्टी बदलली असेल. बाबासाहेबांमुळे आमच्या वस्तीतल्या मजुराच्या पोराने लग्नात टाय बांधला.

आमचे आप्पा झेडपीच्या शाळेत गुरुजी होते, आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे एकच टाय, लाल, टेरिलीनचा. दर वर्षी १४ एप्रिलला तोच. गाठ त्यांच्या एका सहकारी गुरुजींनी चाळीसेक वर्षांपूर्वी बांधून दिली होती आणि ती आप्पांनी कधी सोडलीच नाही, सोडली तर परत कोण बांधणार. डोक्यातून काढायचा आणि खिळ्याला अडकवायचा. या वर्षी मी त्यांना हा मरून टाय दिला. म्हणाले मला नाही बांधता येत. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी आरशासमोर शिकवलं, मी मागे उभा राहून त्यांच्या हातावर हात ठेवून. पहिले दोन दिवस बारीक टोकच लांब राहत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी एकट्याने बांधला, खळी पण पाडली आणि आईला हाक मारली. १४ तारखेला मिरवणुकीत भर उन्हात दोन तास घालून होते, गाठ जागची हलली नाही. जुना लाल टाय अजून खिळ्यालाच आहे, त्याची गाठ सोडायची नाही म्हणालेत.

आता तक्रारी. एक, लांबी. इंग्रजांच्या उंचीचा बनवतात, माझी उंची साडेपाच फूट, तर बांधल्यावर टोक पट्ट्याच्या खाली जातं. टोक बकलवर टेकलं पाहिजे, म्हणून मला बारीक बाजू जास्त लांब ठेवून ती शर्टात खोचावी लागते. तुम्ही बुटके असाल तर आधी लांबी विचारा, १५० सेंटिमीटरचा टाय आम्हाला जास्तच होतो, १४२-१४५ मिळाला तर बघा. दोन, लोकरीचं अस्तर पुण्याच्या मे महिन्यात गळ्याशी गरम होतं, सांगून ठेवतो. तीन, आणि हे महत्त्वाचं, पाणी. पावसाचा एक थेंब पडला तरी रेशमावर गोल डाग राहतो, माझ्या टायवर टोकापासून चार बोटं वर तसा एक आहे, मरूनवर लक्षात येत नाही पण मला दिसतो. जुलैत हा टाय घालून टू-व्हीलरवर जाऊ नका.

सोडताना बारीक टोक धरून खस्सकन ओढू नका, जशी बांधली तशीच उलटी सोडा, मग सैलसर गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सगळ्या सुरकुत्या गेलेल्या असतात. इस्त्री अजिबात नाही.

घ्यावा का? वर्षातून एकदा घालणार असाल तर नको, आणि त्यासाठी लंडनला जायची पण गरज नाही. आपल्याकडे चांगल्या दुकानात जा, टाय बारीक टोकाला धरून लोंबकळत ठेवा, फिरतोय का बघा, मागे सैल दोऱ्याचा लूप आहे का बघा, मधून दाबून आत लोकर लागते का पुठ्ठा ते बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. या तीन गोष्टी जमल्या तर दोन-अडीच हजारांतलाही चांगला निघू शकतो, मी स्वतः आता तसाच शोधतोय, कारण मरून आप्पांनी परत दिलेला नाही आणि मी मागणार पण नाही.