आधी गाव, मग माणूस: आयर्लंडच्या पॅरिश नोंदवह्यांचे मोफत संकेतस्थळ

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये तिथल्या कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, जुन्या नोंदवह्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या केल्या. एक हजाराहून अधिक पॅरिशमधील, साधारणपणे १७४० च्या दशकापासून १८८० पर्यंतच्या बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदींची पाने तेथे जशीच्या तशी पाहता येतात आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. नागपुरात घरी बसून आयर्लंडमधल्या एखाद्या चर्चची १८३० सालची वही चाळता यावी, ही सोय मोठीच आहे. तरीही ज्यांच्या हाती केवळ एक आडनाव आहे, त्यांनी हे संकेतस्थळ उघडण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरकरांना आयर्लंडच्या वह्यांशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर कामठीत आहे. कन्हानच्या काठी १८२१ मध्ये इंग्रजांनी कामठीची छावणी वसवली आणि पुढे अनेक दशके तेथे गोऱ्या पलटणी येत-जात राहिल्या. त्या काळी कंपनीच्या युरोपीय फौजेत काय किंवा राणीच्या पलटणींत काय, आयरिश कॅथलिक शिपायांचा भरणा मोठा होता. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने तर कित्येक तरुणांपुढे जहाजावर चढणे किंवा भरती होणे हे दोनच मार्ग ठेवले. त्यातले काही जण मुदत संपल्यावर परत गेले नाहीत. त्यांनी येथेच लग्ने केली आणि १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आल्यावर अशा घरांतली पुढची पिढी रेल्वेच्या नोकरीत शिरली. माझ्या एका कामठीकर मित्राचे घराणे असेच आहे. त्याच्या खापरपणजोबांचा माग काढण्यासाठी आम्ही दोघांनी हे संकेतस्थळ बऱ्यापैकी पिंजून काढले, त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

या संकेतस्थळावर माणसाच्या नावाने शोध घेता येत नाही, ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. शोध घ्यायचा तो पॅरिशच्या नावाने किंवा नकाशावर परगणा निवडून. पॅरिश सापडली की तिच्या वह्या समोर येतात. त्यातून बाप्तिस्मा की विवाह आणि कोणते वर्ष, एवढे निवडले की पाने उलटायची. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय वही उघडण्याआधी मूळ गाव विचारतात आणि गाव सांगता आले नाही तर शेकडो वर्षांची वंशावळ समोर असूनही आपल्या कामाची नसते, तसाच हा प्रकार आहे. मर्फी किंवा केली अशा आडनावांची माणसे आयर्लंडच्या गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे गावाशिवाय नावाला काही किंमत नाही.

म्हणूनच खरे काम हे संकेतस्थळ उघडण्यापूर्वीचे आहे आणि त्यातले बरेचसे हिंदुस्थानातल्या कागदांवर करावे लागते. कामठीची फौज मद्रास सैन्याच्या अखत्यारीत होती, त्यामुळे येथील जुने बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मद्रास इलाख्याच्या धर्मखात्याच्या नोंदींमध्ये शोधावी लागतात. बंगाल किंवा मुंबईच्या नोंदी चाळत बसल्यास हाती काही लागत नाही. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर नावांची सूची मोफत पाहता येते. मात्र कॅथलिकांच्या नोंदी लंडनमधल्या या सरकारी नोंदींत पूर्णपणे उतरलेल्या नाहीत, म्हणून ज्या चर्चमध्ये कुटुंबातले विधी होत आले त्या चर्चच्या कार्यालयात कुटुंबीयाने स्वतः जाऊन विनंती करणे अधिक उपयोगाचे ठरते. आमच्या बाबतीत लग्नाची आणि मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद अशीच मिळाली.

या नोंदींत नवऱ्या मुलाचे आयर्लंडमधले गाव मात्र नव्हते. ते मिळाले पलटणीच्या कागदात. राणीच्या फौजेतून पेन्शनवर सुटलेल्या शिपायांचे सेवापत्र लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहे आणि त्याच्या छापील नमुन्यातच जन्म कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या शहराजवळ आणि कोणत्या परगण्यात झाला, हे लिहिण्यासाठी जागा सोडलेली असते. मित्राच्या पूर्वजाच्या कागदावर तेथे क्लेअर परगण्यातले किलरश लिहिलेले होते. हे एक नाव हाती आल्यावर मघाचे मुके संकेतस्थळ एकदम बोलके झाले.

आता त्या पानांविषयी. पुष्कळ धर्मगुरू नोंदी लॅटिनमध्ये करीत, तेव्हा जेम्सचा जेकोबस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मस. आडनावाआधीचे 'ओ' कधी असते, कधी गळून पडते. एका नोंदीत साधारणपणे तारीख, बाळाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेरच्या आडनावासह नाव आणि धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असतात. वाडीचे नाव लिहिणे धर्मगुरूच्या मर्जीवर असे. मूळ वह्यांची मायक्रोफिल्म १९५० च्या दशकापासून काढली गेली आणि आपण पाहतो त्या या फिल्मवरून केलेल्या प्रती, त्यामुळे पाठपोट लिहिलेल्या पानाची शाई आरपार उमटलेली, कडा काळवंडलेल्या आणि मधल्या घडीत दोन-तीन अक्षरे गिळलेली, असे दृश्य वारंवार दिसते. मोबाइलवर हे वाचण्याचा हट्ट धरू नये. संगणकाचा मोठा पडदा हवा आणि आधी त्याच धर्मगुरूच्या हातची चार-सहा पाने नुसती वाचून त्याच्या अक्षराची सवय करून घ्यावी.

आईच्या माहेरच्या आडनावाचे मोल किती, ते प्रत्यक्ष पान समोर आल्यावरच कळते. आयरिश घरांत थोरल्या मुलाला बापाच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची पद्धत होती, त्यामुळे चार सख्ख्या भावांच्या घरी थोड्याफार अंतराने एकाच नावाचे चार मुलगे जन्मावेत, यात नवल नाही. भरतीच्या वेळी सांगितलेले वय भरवशाचे नसते, हे धरून आम्ही मागची-पुढची काही वर्षे पाहिली, तेव्हा एकाच नावाचे, एकाच नावाच्या बापाचे दोन मुलगे निघाले. फरक फक्त आईच्या नावात होता. त्यांपैकी एकीचे नाव होनोरा. कामठीतल्या नोंदींत आमच्या शिपायाची दुसरी मुलगी होनोराच होती आणि दुसऱ्या मुलीला बापाच्या आईचे नाव ठेवण्याचा रिवाज लक्षात घेता कौल त्या बाजूने जातो. अर्थात हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. मित्राने वंशवृक्षात ते नाव पेन्सिलीने लिहिले आहे, ते मला योग्य वाटते.

ज्यांना इतका खटाटोप नको, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. याच प्रतींवरून २०१६ मध्ये फाइंडमायपास्ट आणि अँसेस्ट्री या कंपन्यांनी नावांची सूची तयार केली, त्यातली फाइंडमायपास्टची सूची मोफत आहे. रूट्सआयर्लंड हे परगणानिहाय केंद्रांनी चालवलेले संकेतस्थळ सशुल्क आहे. तेथे उतरवून घेतलेली नोंद मिळते, पण मूळ पान दिसत नाही. दोन्हींचा मेळ घालावा: सूचीवरून पान गाठावे आणि पान स्वतः वाचावे, कारण पुसट लॅटिन वाचून सूची करणाऱ्याच्याही चुका होणारच. पैसे भरायचेच झाले तर सगळे कागद गोळा झाल्यावर थोड्या मुदतीचे सदस्यत्व घ्यावे. वर्षभराचे घेतल्यास त्यातले निम्मे वर्ष गाव शोधण्यातच जाते.

संकेतस्थळावर काय नाही, हेही माहीत असावे. दफनाच्या नोंदी फारच थोड्या आहेत. पश्चिमेकडच्या गरीब भागांत वह्या बहुधा १८२० च्या पुढेच सुरू होतात, त्यामुळे त्यापूर्वीचे पूर्वज तेथे शोधू नयेत. चर्च ऑफ आयर्लंडच्या म्हणजे प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या नोंदी येथे नाहीत. त्यांच्या निम्म्याहून अधिक वह्या जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या आणि १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीचे बहुतेक कागदही त्याच आगीत गेले. खानेसुमारीची जागा काही अंशी ग्रिफिथची मूल्यमापन यादी भरून काढते; १८४७ ते १८६४ या काळात कोणत्या वाडीत कोणाच्या ताब्यात किती जमीन होती, ते तीत मिळते. पूर्वज क्लेअरचा असेल तर त्या परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अशा याद्या मोफत आणि सुबकपणे मांडलेल्या आहेत. १८६४ पासूनची सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आयरिशजीनिअलॉजी या शासकीय संकेतस्थळावर पाहावी.

कोणी या कामामागे आयरिश पासपोर्टची आशा धरली असेल, तर त्याने आधी नियम वाचावा. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तरच सामान्यतः परदेशी जन्मनोंदीतून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. खापरपणजोबांचा बाप्तिस्मा तेवढ्याने उपयोगी पडत नाही. ज्यांना केवळ कुळ जाणून घ्यायचे आहे आणि ज्यांच्याकडे पॅरिशचे नाव आहे, त्यांना मात्र मी हे संकेतस्थळ बिनदिक्कत सुचवीन. सापडलेल्या पानाचा पत्ता, पॅरिश, मायक्रोफिल्मचा क्रमांक आणि नोंदीची तारीख त्याच वेळी वहीत लिहून ठेवावी, नाहीतर तेच पान पुन्हा शोधताना आणखी एक रविवार खर्ची पडतो.