शंभर मण्यांची गणितमाळ: घेताना आणि वापरताना

पुण्यात अप्पा बळवंत चौकात शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत ही माळ मिळते. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, असे आलटून पालटून शंभर. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या आणि गणित समजण्यातली अडचण, असलेल्या मुलासाठी एकच साधन घ्यायचं झालं, तर अबॅकसच्या आधी हीच घ्या. या मुलांचे पाढे पाठ होत नाहीत ते दिसतं, पण खरी अडचण 'सदतीस म्हणजे केवढे' हे न उमगण्याची असते. अबॅकसवर दहाचा एकच मणी होतो. माळेवर सदतीसच्या सदतीस मणी डोळ्यांसमोर असतात.

दुकानातच मणी मोजा. एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा निघाले तर माळ कुचकामी. रंग ठळक वेगळे हवेत. लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळ्या मुलाला ती एकच दिसते. मणी सरकवायला वीतभर मोकळा दोरा हवा. माळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, ताणून बांधा.

सुरुवात वीस मण्यांपासून, रोज पंधरा मिनिटं. पुढे सदतीस दाखवताना कपड्यांचा चिमटा सदतिसाव्या मण्यानंतर लावायचा, मण्यावर नाही. मण्यावर लावला की तो मणी मोजणीत धरायचा की सोडायचा, यात मूल अडकतं. मूल दरवेळी एकपासून मोजू लागलं तर थांबवा, 'तीन रंग झाले, म्हणजे किती?' असं विचारा. इथे घाई केली की माळ म्हणजे नुसती लांबलचक बोटं होते.

मराठीत सदतीस ऐकताना सात आधी येतो, म्हणून ७३ लिहिलं जातं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'तीस सात' असंही वाचन दिलं. माळेवर बोट फिरवताना ते फार उपयोगी पडतं. उलट 'एकोणपन्नास' मात्र माळेवर चटकन कळतं: पन्नासला एक मणी कमी.

पक्षाघातानंतर हिशेब हरवलेल्या प्रौढांना ही माळ देऊ नका, लहान मुलांचं खेळणं दिल्यासारखं त्यांच्या मनाला लागतं. त्यांच्यासाठी नोटा, नाणी आणि किराण्याची यादी बरी, तीही नेमकं काय बिघडलंय हे न्यूरोसायकॉलॉजिस्टने (मेंदू आणि वर्तनाच्या तज्ज्ञाने) तपासल्यावर.

काही आठवड्यांनी माळेवर ओढणी टाका आणि '३७ अधिक १०, चिमटा कुठे जाईल?' असं विचारा. बोट बरोबर जागी गेलं, की वहीत नुसती रेघ ओढून तिच्यावर माळेसारख्याच, पण पेन्सिलीने, उड्या मारायला लावा. गेलं नाही, तर ओढणी काढून पुन्हा वीस मण्यांवर या.