टोपडं की डबा? पहिल्या महायुद्धातले दोन ब्रिटिश मुखवटे

22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला, तेव्हा खंदकांत मुखवटेच नव्हते. पुढे रसायनात भिजवलेलं फ्लॅनेलचं टोपडं आलं: दोन काचा, तोंडात धरायची उच्छ्वासाची नळी, कडा कोटाच्या कॉलरमध्ये खोचायच्या. पण श्वास कापडातूनच घ्यायचा, त्यामुळे आत कोंदटायचं. पावसात रसायन ओघळून डोळे चुरचुरायचे.

1916 चा डबा-मुखवटा कितीतरी सरस. छातीवरच्या पिशवीतल्या डब्यात विषारी वायू शोषणारे कोळसा आणि सोडा-लाइम (चुना आणि कॉस्टिक सोड्याचं मिश्रण) यांचे दाणे, तिथून रबरी नळी थेट तोंडात, नाकाला चिमटा. चिमटा निसटला तरी चेहऱ्याभोवतीचं आवरण वाचवायचं. जुलै 1917 मध्ये मात्र मस्टर्ड गॅस आला, आणि तो कातडीच भाजायचा.